अमेरिकेचे यादवी युद्ध मुंबईतील मुलांना कसे शिकवावे?

पाटीपेन्सिल

गिरगावातील एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी मी सातवी ते नववीच्या मुलांचा इतिहासाचा वर्ग घेते. तेथे परीक्षा नाही आणि गुणही नाहीत. शाळेच्या पुस्तकात ज्या विषयाला एक परिच्छेद मिळतो, त्याला आम्ही तीन-चार रविवार देतो. सध्या १४ मुले येतात, काही मराठी माध्यमाची, काही इंग्रजी माध्यमाची. पुढचे चार रविवार अमेरिकेच्या यादवी युद्धासाठी ठेवले आहेत. तयारी करताना ज्या अडचणी आल्या त्या या चर्चामंचावर मांडते आहे, कारण इतिहास शिकवलेली माणसेही येथे आहेत आणि मुले वाढवणारी माणसेही आहेत.

हा विषय एका भांडणातून निघाला. वर्गातील एका मुलाचा मावसभाऊ टेक्सासमध्ये शिकतो. ते युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झाले, असे त्याने याला व्हिडिओ कॉलवर सांगितले. वर्गातील एका मुलीने मात्र ते गुलामगिरीवरून झाले असे वाचले होते. दोघेही निकाल मागायला माझ्याकडे आले आणि मी "दोघांचेही थोडे थोडे खरे आहे" असे सांगून मोकळी झाले. घरी आल्यावर ते उत्तर मला चुकीचे वाटले आणि अजूनही वाटते. त्याने भांडण मिटले, पण मुलांच्या हाती इतिहास काही पडला नाही.

नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन अध्यक्षपदी निवडून आले. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही, एवढेच त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते. जेथे ती आधीपासून होती तेथे आपण हात घालणार नाही, असे लिंकन यांनी स्पष्ट सांगितले होते. तरीही २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडले आणि पुढच्या काही महिन्यांत बाहेर पडलेल्या राज्यांची संख्या ११ झाली. आपण का बाहेर पडतो आहोत, हे त्यांतील काही राज्यांनी स्वतःच लिहून प्रसिद्ध केले. आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, असे मिसिसिपीचा जाहीरनामा सुरुवातीलाच सांगतो. दक्षिणेच्या नव्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सव्हाना येथे केलेल्या भाषणात, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हाच आपल्या सरकारचा पाया आणि हीच त्याची कोनशिला, असे जाहीरपणे सांगितले. मुलांच्या भांडणाचा निकाल बाहेर पडणाऱ्यांनीच दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवला होता. मी तो फक्त वाचून दाखवायला हवा होता.

दुसरी अडचण शब्दाची आहे. मराठीत आपण सहज 'यादवी' म्हणतो. या शब्दामागे महाभारतातले मौसलपर्व उभे आहे. प्रभासक्षेत्री मद्याने बेभान झालेले यादव एकमेकांवर तुटून पडले, उपटून घेतलेल्या एरका गवताची मुसळे झाली आणि एका कुळाने स्वतःला संपवले. तेथे शाप होता, मद्य होते, जुनी उणीदुणी होती. पण न्याय कोणाच्या बाजूला होता, असा प्रश्न ती कथा ऐकणाऱ्याला पडत नाही. ज्या मुलांनी ही कथा ऐकली आहे त्यांच्यासमोर 'यादवी' म्हणताच तेच चित्र उभे राहते : भाऊ भाऊ लढले, दोघांचीही मती फिरली होती, फार वाईट झाले. या चित्रात गुलामांना जागाच नाही. १८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते. बाहेर पडलेल्या ११ राज्यांची लोकसंख्या सुमारे ९० लाख होती आणि त्यांतील जवळजवळ ३५ लाख माणसे कोणाच्या तरी मालकीची होती. भाऊ भाऊ लढले असे म्हणताना या ३५ लाखांना आपण कोणत्या घरात बसवणार?

म्हणून विचारते. सुरुवात लढायांपासून करावी की कारणांपासून? क्रौर्य किती दाखवावे? आणि गिरगावातल्या मुलाने हे सगळे दूरच्या कोणा लोकांचे म्हणून सोडून देऊ नये, यासाठी काय करता येईल?

तळटीप

धागा महत्त्वाचा आहे. परंतु एक सोपे उत्तर काढून त्या जागी दुसरे तितकेच सोपे उत्तर बसवले जाईल, अशी मला काळजी वाटते.

संघराज्यात राहिलेली उत्तर गुलामगिरीविरुद्ध लढली आणि बाहेर पडलेली दक्षिण गुलामगिरीसाठी लढली, असे मुलांना सांगितले तर पुढे त्यांच्या हाती लिंकन यांचे ऑगस्ट १८६२ मधील ते प्रसिद्ध पत्र पडेल. एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचवता आले तर मी तसे करीन, असे त्यात लिंकन लिहितात. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिझुरी या चार राज्यांत गुलामगिरी होती आणि तरीही ती उत्तरेच्या बाजूने राहिली, हेही त्यांना कळेल. १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणा बंड केलेल्या प्रदेशांपुरतीच होती आणि या चार राज्यांना ती लागू नव्हती. उत्तरेतही काळ्या माणसाला बहुतेक ठिकाणी मताचा अधिकार नव्हता. बाराव्या वर्षी चांगल्या आणि वाईट अशा दोन फौजा शिकलेले मूल सतराव्या वर्षी हे वाचेल तेव्हा आपल्या शिक्षिकेने आपल्याला फसवले असे त्याला वाटेल, आणि त्यानंतर समोर येणारा कोणताही खोटा युक्तिवाद त्याला खरा वाटू लागेल. आयात मालावरील जकातीचा वाद, शेतीप्रधान दक्षिण आणि कारखानदार उत्तर यांच्यातील ताण, केंद्राचे आणि राज्यांचे अधिकार, हे सगळे वर्गात यायला हवे असे माझे मत आहे.

जुना फलाट

मी ३१ वर्षे मुलांना इतिहास शिकवला आणि आता निवृत्त आहे. तळटीप यांनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत. परंतु त्या वेगळ्याच एका प्रश्नाचे उत्तर देतात. युद्ध कशामुळे पेटले हा एक प्रश्न, आणि लढणारे कशासाठी लढत होते हा दुसरा. आम्ही शिक्षक दोन्ही प्रश्न एकाच वाक्यात कोंबतो आणि मुलांचा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

दक्षिण बाहेर पडली ती गुलामगिरी टिकवण्यासाठी, हे तिच्याच कागदपत्रांत आहे. उत्तर मात्र सुरुवातीला लढली ती देश फुटू नये म्हणून. ही दोन विधाने एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. राज्यांच्या हक्कांचा मुद्दा काढायचा तर १८५० चा पळून आलेल्या गुलामांविषयीचा कायदा मुलांसमोर ठेवावा. त्या कायद्याने उत्तरेकडील राज्यांत पळून आलेल्या माणसाला पकडून परत मालकाच्या हवाली करणे केंद्र सरकारचे काम झाले. उत्तरेकडील राज्यांनी आमच्या हद्दीत हे चालणार नाही असे म्हटले, तेव्हा दक्षिणेने राज्यांच्या हक्कांची बाजू घेतली नाही. केंद्राने बळ वापरावे, अशीच तिची मागणी होती. नव्या दक्षिणी संघाच्या राज्यघटनेत गुलामांवरील मालकीला बाध आणणारा कायदा करण्यास मनाई होती. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले की आठवीचे मूलही विचारते, "मग हक्क नेमका कशाचा?" मी हा प्रश्न शिक्षकाच्या मदतीशिवाय वर्गातून उठलेला पाहिला आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी मी फळ्यावर नुसती वर्षे लिहीत असे आणि त्या त्या वर्षी उत्तर कशासाठी लढत होती, असे विचारत असे. एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेने फोर्ट सम्टर या केंद्राच्या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि युद्ध सुरू झाले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर होते, देश एक ठेवण्यासाठी. मग मे १८६१ घ्यावा. व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो या उत्तरेच्या किल्ल्यात तीन गुलाम पळून आले आणि तेथील सेनापती बटलर यांनी त्यांना मालकाकडे परत पाठवण्यास नकार दिला. ही बातमी पसरली तशी माणसे येत राहिली, आधी काही, मग शेकडो, मग हजारो. उत्तरेच्या सरकारने ठरवले नव्हते. या माणसांनी येऊन सरकारला ठरवायला लावले. जानेवारी १८६३ मध्ये मुक्तीची घोषणा झाली, त्यानंतर सुमारे १,८०,००० काळे सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले आणि डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी देशभर संपली. म्हणजे युद्धाचा हेतू युद्ध चालू असतानाच बदलला, आणि तो बदलण्यात ज्यांच्याविषयी हे युद्ध होते त्यांचाच हात होता. मुलांना हे सांगितले तर लिंकन यांचे ते पत्र पुढे त्यांना धक्का देणार नाही. त्या पत्राची तारीख पाहून ते कोठे बसते हे त्यांना कळेल.

टेक्सासमधील मावसभावाविषयीही दोन शब्द लिहितो. त्या मुलाला वर्गात कमी लेखले जाऊ नये. त्याला जे शिकवले गेले त्यालाही एक इतिहास आहे. १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले, काळ्या नागरिकांचे मिळालेले अधिकार एकेक करून हिरावले गेले आणि त्याच काळात पराभूत पण उदात्त दक्षिणेची एक कहाणी रचली गेली. दक्षिणेच्या सैनिकांच्या वंशज स्त्रियांची एक संघटना १८९४ मध्ये स्थापन झाली. तिने चौकाचौकांत पुतळे उभारले आणि शाळांत कोणती पुस्तके असावीत यावर बारीक लक्ष ठेवले. टेक्सासच्या २०१० मधील अभ्यासक्रमात युद्धाच्या कारणांत प्रादेशिक अस्मिता आणि राज्यांचे हक्क आधी होते, गुलामगिरी त्यांच्यानंतर होती; गुलामगिरीच्या विस्ताराला मध्यवर्ती स्थान देण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला. २०१५ मध्ये तर तेथील एका पाठ्यपुस्तकातल्या नकाशाखाली, आफ्रिकेतून लाखो 'कामगार' आणले गेले, असे छापलेले एका आईच्या लक्षात आले आणि प्रकाशकाला ते सुधारावे लागले. हा एक शब्द वर्गात अर्धा तास चर्चेला ठेवावा. कामगाराला मजुरी मिळते, तो काम सोडून जाऊ शकतो आणि त्याचे मूल विकले जात नाही. गिरणगावाच्या शेजारी वाढलेल्या मुलांना कामगार या शब्दाचे वजन माहीत असते.

तळटीप

कारण आणि हेतू वेगळे करण्याचा मुद्दा मला पटला. माझे म्हणणे त्या अंगाने दुरुस्त करतो.

सातवीतल्या मुलीची आई

क्रौर्य किती दाखवावे या प्रश्नावर लिहिते, कारण तो आमच्या घरी येऊन गेला आहे.

गेल्या वर्षी मुलीला एका प्रकल्पासाठी गुलामगिरीवर तक्ता करायचा होता. माहिती शोधताना तिच्यासमोर १८६३ मधील ते प्रसिद्ध छायाचित्र आले. गॉर्डन नावाच्या माणसाची पाठमोरी आकृती आणि चाबकाच्या वळांनी झाडाच्या मुळांसारखी उंचसखल झालेली पाठ. ती त्या रात्री झोपली नाही आणि पुढचे कित्येक दिवस त्या विषयाचे नाव काढू देत नव्हती. मी आधी ते चित्र तिने पाहायलाच नको होते असे म्हणत होते. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आले की तिला त्या पाठीशिवाय त्या माणसाचे काहीच माहीत नव्हते. तो लुइझियानातील एका मळ्यावरून पळाला, माग काढणाऱ्या कुत्र्यांना वास लागू नये म्हणून अंगाला कांदे चोळत दलदलीतून चालत उत्तरेच्या छावणीत पोहोचला, आणि मग सैनिक म्हणून भरती झाला. हे मी तिला शोधून सांगितले तेव्हा तिने ते चित्र पुन्हा पाहायला मागितले.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की आधी माणूस सांगावा आणि मग त्याची जखम. रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट मुलांना प्राण कंठाशी आणून ऐकावीशी वाटते. चार्ल्सटनच्या बंदरात दक्षिणेच्या प्लँटर नावाच्या जहाजावर काम करणारा हा २३ वर्षांचा गुलाम. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर असताना त्याने कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली, आपली बायको, मुले आणि इतर साथीदार जहाजावर घेतले आणि ठाण्याठाण्यांवर शिट्टीचा बरोबर इशारा देत जहाज तोफांच्या समोरून उत्तरेच्या ताफ्यात नेऊन सोडले. पुढे तो अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेला आणि ज्या मालकाच्या घरी तो गुलाम होता ते ब्यूफर्टमधील घर त्याने विकत घेतले. गुलामगिरीतून पळून पुढे तिच्याविरुद्ध लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या फ्रेडरिक डग्लसचे बालपणही आपल्या मुलांना कळेल असे आहे. बाल्टिमोरच्या घरातील मालकीण त्याला अक्षरे शिकवू लागली आणि नवऱ्याने ते बंद केले. शिकलेला गुलाम गुलाम राहणार नाही, असे तो म्हणाला. डग्लसने ते वाक्य ऐकले आणि वाचायला शिकायचेच हे तेथेच ठरवले. दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. सावित्रीबाईंवर चिखल आणि शेण फेकले गेल्याचे ऐकत मोठ्या झालेल्या मुलीला यापुढे वेगळे समजावावे लागत नाही.

लढाया मात्र मी एका तासात आटोपल्या असत्या. गेटिसबर्गला जुलै १८६३ च्या तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१,००० सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, एवढे पुरे आहे.

वऱ्हाडी

पाटीपेन्सिल ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या वाचनालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मी अकोल्याकडचा, आमच्या घरी चार पिढ्या कापूस पिकवला गेला आणि गेली २० वर्षे मी लालबागला राहतो, म्हणून हा विषय मला दोन्ही टोकांनी दिसतो.

युद्धाआधी इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, म्हणजे गुलामांच्या हातांतून येत असे. १८६१ मध्ये युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि इंग्लंडचा कापूस आटला. मग इंग्लंडची नजर वळली ती हिंदुस्थानकडे, आणि गुजरात, खानदेश, वऱ्हाड येथला कापूस ज्या बंदरातून जायचा ते बंदर मुंबई. आपला कापूस आखूड धाग्याचा, त्यात कचरा फार. 'सुरत' या नावाने तो तेथे जायचा आणि लँकेशायरचे विणकर त्याच्या नावाने बोटे मोडत. पण दुसरा मिळतच नव्हता, म्हणून भाव चढतच गेले. लोकांनी गाद्या-उशा उसवून जुना कापूस विकल्याच्या गोष्टी या शहरात अजून सांगतात. चार वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला आणि त्या पैशाला वाट हवी म्हणून बँका, विमा कंपन्या आणि समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० रुपयांच्या आसपास गेला. या सगळ्याच्या केंद्रस्थानी कापसाचे आणि शेअरचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद होते. त्याच वर्षांत गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि आज जी मुंबई आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो ती उभी राहू लागली. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी प्रेमचंद यांनी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव दिले गेले. तो राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला.

मग एप्रिल १८६५ मध्ये व्हर्जिनियातील ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले. युद्ध संपले, त्याबरोबर कापसाचा भावही कोसळला. वायद्यांच्या पूर्ततेचा १ जुलै १८६५ हा दिवस उजाडला तेव्हा अर्ध्या शहराने दुसऱ्या अर्ध्याला जे कबूल केले होते ते देण्याची ऐपत कोणाचीच उरली नव्हती. बँका बुडाल्या, खुद्द बँक ऑफ बॉम्बेही गाळात गेली. अमेरिकेतील ४० लाख माणसांच्या सुटकेची बातमी मुंबईच्या बाजारात दिवाळखोरीची बातमी होऊन आली. मुलांना हे एक वाक्य नीट उलगडून सांगावे, असे मला मनापासून वाटते. कारण दूरच्या युद्धात आपल्याला सोयीची बाजू आणि न्यायाची बाजू वेगळ्या असू शकतात, हे त्यात दिसते.

आणि शेतकरी राहून जातो तसा येथे राहू देऊ नका. तेजीच्या काळात सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली, कारण वरून व्यापाऱ्याचा पैसा येत होता. तेजी संपल्यावर वरचा पैसा थांबला, सावकाराने हात आखडला आणि जुनी वसुली सुरू केली. त्यातच १८६० च्या दशकाच्या शेवटी सरकारने शेतसारा वाढवला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. तो उद्रेक पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. त्याला इतरही कारणे होती, पण साखळीची एक कडी अमेरिकेपर्यंत जाते.

माझी सूचना अशी की पहिला रविवार वर्गात न घेता मुलांना हॉर्निमन सर्कलला न्यावे आणि तेथून ओव्हलपर्यंत चालत जाऊन राजाबाई टॉवरखाली उभे करावे. हा मनोरा बांधायला पैसे कोठून आले, एवढेच विचारावे आणि उत्तरासाठी पुढचे तीन रविवार घ्यावेत.

फलकलेखन

वऱ्हाडी यांचे लेखन वाचून अनेक गोष्टी प्रथमच कळल्या. तरीही एक पालक म्हणून विचारतो. बारा वर्षांच्या मुलाला आपल्या शहराच्या सुंदर इमारतीखाली उभे करून ती दुसऱ्याच्या युद्धातील नफ्यावर उभी आहे असे सांगणे, हे त्याच्यावर न केलेल्या गोष्टीचे ओझे टाकणे नाही का?

वऱ्हाडी

प्रश्न रास्त आहे. माझ्या पणजोबांनाही त्या भावाचा चार वर्षे फायदा झाला असणार, आणि म्हणून मी स्वतःला अपराधी मानत नाही. पण तो पैसा कोठून आला हे मला माहीत असावे, असे मला वाटते. मुलेही याकडे हिशेब म्हणूनच पाहतात, शिक्षा म्हणून नाही. निदान माझ्या पुतण्यांनी तसे पाहिले. शिवाय याच इतिहासात दुसरे टोकही आहे. कापसाअभावी मँचेस्टरचे गिरणी कामगार उपाशी मरत होते, आणि तरीही त्यांतील अनेकांनी ३१ डिसेंबर १८६२ रोजी सभा भरवून लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठवले. लिंकन यांनी त्यांना उत्तरही लिहिले. ज्यांचे नुकसान होत होते त्यांनी न्यायाची बाजू घेतली, हेही मुलांनी त्याच दिवशी ऐकावे.

जुना फलाट

त्याच्या जोडीला महाराष्ट्रातले टोकही जोडता येईल. युद्ध संपल्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतील सदाचारी लोकांना, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी निरपेक्षपणे झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी शूद्रांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांचा कित्ता घ्यावा, अशी अपेक्षाही त्यांनी तेथे व्यक्त केली. म्हणजे मुंबईच्या शेअरबाजाराने ज्या युद्धाकडे कापसाचा भाव म्हणून पाहिले, त्याच युद्धाकडे पुण्यातल्या एका माणसाने आपल्या समाजाचा आरसा म्हणून पाहिले. अर्पणपत्रिका लहान आहे. ती वर्गात एखाद्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावी. फुले यांनी त्या युद्धाला भाऊबंदकी म्हटले नाही, हे 'यादवी' या शब्दावर चर्चा करताना उपयोगी पडेल.

माहीमची खाडी

एक वेगळी बाजू नोंदवते. ज्या देशांत यादवी आपल्याच आयुष्यात झाली तेथे मुलांना ती शिकवणे किती कठीण असते, याचे लेबनॉन हे उदाहरण आहे. १९७५ ते १९९० असे १५ वर्षे तेथे युद्ध चालले. ते युद्ध मिटवण्यासाठी झालेल्या १९८९ च्या तैफ करारात इतिहासाचे एक समान पाठ्यपुस्तक करण्याचे ठरले होते. इतकी वर्षे होऊनही ते झाले नाही, आणि शाळेतला इतिहास देशाच्या स्वातंत्र्याच्या काळापाशी, म्हणजे १९४० च्या दशकापाशी, येऊन थांबतो. त्यामुळे प्रत्येक मूल युद्ध शिकते ते आपल्या घरी आणि आपल्या वस्तीत, जेथे दुसरी बाजू ऐकायला मिळतच नाही.

हे लिहिताना मला आपल्याच शहरातील डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ आठवतात. ते यादवी युद्ध नव्हते, आणि मी त्याची अमेरिकेशी तुलना करत नाही. पण तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आमच्या इमारतीतून दोन कुटुंबे निघून गेली आणि ती का गेली हे मला कोणीही कधी सांगितले नाही. आज माझ्या मुलाने विचारले तर मलाही नीट सांगता येत नाही. दूरच्या युद्धाविषयी कारण कोणते, कोणाचे कोणते म्हणणे, कोणता कागद काय सांगतो, असे विचारायची सवय मुलांना लागली, तर जवळचे प्रश्न विचारताना त्यांना शब्द सापडतील, असे मला वाटते. म्हणून ताई, हे चार रविवार मोलाचे आहेत.

पाटीपेन्सिल

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेमुळे आराखडा बदलला आणि त्यातील दोन रविवार झालेही, म्हणून येथे नोंद करते.

पहिल्या रविवारी आम्ही चालत गेलो. १४ पैकी ११ मुले आली. राजाबाई टॉवरखाली वऱ्हाडी यांनी सुचवलेला प्रश्न विचारला तेव्हा सरकारने, राजाने, विद्यापीठाने अशी उत्तरे आली. कापूस हे उत्तर कोणी दिले नाही. मग मी पिशवीतून सरकीसकट कापसाचे बोंड काढून मुलांच्या हातात दिले आणि बोटांनी सरकी वेगळी करून दाखवायला सांगितले. एक मूठभर कापूस साफ करायला त्यांना बराच वेळ लागला, आणि दिवसभर हे काम कोण करत असेल, हा प्रश्न त्यांनीच विचारला. गुलामांचा विषय तेथे, ओव्हलच्या कुंपणापाशी, असा निघाला.

दुसऱ्या रविवारी मिसिसिपीच्या जाहीरनाम्यातील पहिली काही वाक्ये आणि १८५० च्या कायद्याचा सारांश मराठीत करून वाटला. टेक्सासच्या मावसभावाचा मुद्दा त्याच्या भावानेच मांडला आणि मी कोणालाही हसू दिले नाही. वाचून झाल्यावर तोच म्हणाला की हे त्याला पाठवतो. रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट सांगितली तेव्हा सगळा वर्ग गप्प होता. गॉर्डनचे छायाचित्र मी अजून दाखवलेले नाही. पुढच्या रविवारी आधी त्याचा प्रवास सांगणार आहे आणि पाहायचे की नाही हे ज्याचे त्याला ठरवू देणार आहे.

शब्दाविषयी. मौसलपर्वाची कथा सांगून मी विचारले की या युद्धाला यादवी म्हणावे का. मुलांत दोन तट पडले. एकाने म्हटले की एकाच देशातले लोक लढले म्हणजे यादवीच. ज्या मुलीने सुरुवातीला भांडण काढले होते तिचे म्हणणे असे की यादवांत कोणी कोणाला विकत नव्हते, म्हणून हा शब्द चालणार नाही. फळ्यावर मी 'यादवी युद्ध' असे शीर्षक लिहून ठेवले होते. तास संपल्यावर तिने विचारले की पुसू का, आणि मी हो म्हटले. तिने पुसले, पण त्या जागी काय लिहावे हे तिलाही सुचले नाही आणि मलाही. फळ्याची ती जागा सध्या रिकामी आहे. तिसऱ्या रविवारी फुले यांची अर्पणपत्रिका वाचल्यानंतर तेथे काय लिहायचे ते मुलेच ठरवतील.